निधिसंकलनाच्या मेजवानीत महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातला जीवनगौरव: कोणाचा करावा आणि कसा?

सुरंगी

नमस्कार.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या गावी मी राहते आणि तेथील एका लहान धर्मादाय संस्थेसाठी गेली नऊ वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करते. कर्करोगावरच्या उपचारांसाठी लांबून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्याची आणि जाण्यायेण्याची सोय लावणे एवढेच संस्थेचे काम आहे, आणि त्याचा निम्म्याहून अधिक खर्च वसंत ऋतूतल्या एका मेजवानीतून निघतो. आजवर त्या रात्री जेवण, मूक लिलाव (ज्यात बोली कागदावर लिहितात) आणि एखादे भाषण एवढाच कार्यक्रम असे. सगळ्या गावाचा जीव विद्यापीठाच्या खेळांत गुंतलेला असल्याने, त्या खेळांसाठी आयुष्य वेचलेल्या एका व्यक्तीचा यंदा जीवनगौरव करावा, असे कार्यकारिणीने ठरवले. ठरावाला कोणाचाच विरोध नव्हता. मतभेद नावावरून सुरू झाले.

एक नाव आहे अमेरिकन फुटबॉलच्या (येथे त्यालाच फुटबॉल म्हणतात) निवृत्त प्रशिक्षकांचे. त्यांचे नाव पत्रिकेवर आले की दहा-दहा खुर्च्यांची टेबले आठवडाभरात खपतील, याबद्दल मलाही शंका नाही. दुसरे नाव मी सुचवले. त्या बाई ३६ वर्षे विद्यापीठात ॲथलेटिक ट्रेनर होत्या. आपल्याकडे हा शब्द ऐकला की व्यायामशाळेतला मार्गदर्शक डोळ्यांसमोर येतो; येथे मात्र दुखापती टाळणे, मैदानावर प्रथमोपचार करणे आणि दुखावलेल्या खेळाडूला पुन्हा उभे करणे हे काम शिकून आलेल्या व्यक्तीला तसे म्हणतात. माझी मुलगी तेथे चार वर्षे सॉकर खेळली, त्यामुळे बाईंचे काम मी जवळून पाहिले आहे. सरावाआधी मुली उंच बाकावर ओळीने बसत. बाई एकेकीला पाऊल काटकोनात धरायला लावून पांढरी चिकटपट्टी टाचेभोवती आणि तळव्याखालून आठाच्या आकड्यात फिरवीत. त्यांच्या हातात कात्री मी कधी पाहिली नाही. पट्टी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तिरका हिसका दिला की ती सरळ फाटे. एका घोट्याला दोन-तीन मिनिटे लागत, आणि तेवढ्यात झोप झाली का, सकाळी काही खाल्ले का, घरून फोन आला होता का, हेही विचारून होई. अशाच एका सकाळी मुलीच्या संघातल्या एका खेळाडूच्या मानेवरची गाठ बाईंच्या नजरेला पडली. त्यांनी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले, आणि पुढचे सहा महिने उपचारांच्या फेऱ्यांना गाडी बहुतेक वेळा बाईंचीच होती. ती मुलगी आज बरी आहे.

मी बाईंना नुसते चाचपून पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तर एकही सामना जिंकलेला नाही."

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. निधी उभा करायचा असताना प्रसिद्ध नाव सोडून देणे हा संस्थेवर अन्याय ठरेल का? सत्कार हे तिकिटे खपवण्याचे निमित्त वाटू नये म्हणून काय काळजी घ्यावी? आणि तिकिटाच्या रकमेवर करसवलत मिळते का, असे दरवर्षी चार-पाच जण विचारतात आणि आम्ही दरवर्षी वेगळे उत्तर देतो, त्याचे नक्की काय?

---

जुनी शिट्टी

सुरंगीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच दिले आहे. मानेवरच्या गाठीची गोष्ट मात्र तुम्ही एखाद्या तळटीपेसारखी सांगून टाकलीत.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ आणि धर्मादाय निधी यांची सांगड जुनी आहे, आणि त्यातली जी टिकली तिच्याकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते: सत्कारमूर्तीचे आयुष्य आणि निधीचे कारण यांचा धागा आधीपासून जुळलेला होता, समितीने तो नंतर ओवलेला नव्हता. अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांनी २९ डिसेंबर १९८२ रोजी शेवटचा सामना खेळवला आणि त्यानंतर महिना पुरा होण्याआधीच, २६ जानेवारी १९८३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. त्यांच्या नावाचे प्रशिक्षक-पुरस्कार अमेरिकन हार्ट असोसिएशन देते, त्यात जीवनगौरवही असतो आणि त्या सोहळ्याचा पैसा हृदयरोगाविरुद्धच्या कामाला जातो. कारण काय आणि नाव कोणाचे, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मिझुरी विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक नॉर्म स्टुअर्ट स्वतः कर्करोगातून उठले होते. संघाने टाकलेल्या प्रत्येक तीन गुणांच्या बास्केटमागे काही रक्कम देण्याचे वचन द्या, असे त्यांनी चाहत्यांना आवाहन केले, आणि त्यातूनच १९९३ मध्ये प्रशिक्षकांची कर्करोगविरोधी चळवळ उभी राहिली. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक के यो यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे १९८७ मध्ये कळले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाला सुवर्णपदक मिळाले तेव्हा प्रशिक्षक त्याच होत्या. दुखणे उलटल्यानंतरही त्या संघाबरोबर राहिल्या, आणि २००९ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्या नावाचा कर्करोग निधी उभा राहिलेला होता.

आता दुसरी बाजू. 'मी एकही सामना जिंकलेला नाही' हे बाईंचे वाक्य या क्षेत्राच्या हिशेबाच्या वह्यांविषयी बरेच काही सांगून जाते. प्रशिक्षकाच्या नावापुढे विजयांचा आकडा असतो: फुटबॉलमध्ये ब्रायंट ३२३, बास्केटबॉलमध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ ८७९ आणि टेनेसीच्या पॅट समिट १,०९८. ट्रेनर, साहित्य सांभाळणारे, धावफलक लिहिणारे, बस चालवणारे यांच्या नावापुढे काही नसते. पण त्या मोठ्या आकड्यांच्या मागे जाऊन पाहिले तरी लोकांच्या तोंडी जे उरते ते आकडे नसतात. पॅट समिट यांनी १९७४ मध्ये टेनेसीच्या महिला संघाची सूत्रे घेतली तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या, महिन्याला २५० डॉलर मिळत, आणि खेळाडूंचे गणवेश धुण्यापासून गाडी हाकण्यापर्यंत सगळे त्याच करीत. आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवलेल्या समिट यांच्या गोष्टीत धुण्याचा तो प्रसंग हटकून येतोच. डीन स्मिथ २०१५ मध्ये गेले, त्यानंतर त्यांच्या सुमारे १८० माजी खेळाडूंना टपालाने २०० डॉलरचा एकेक धनादेश आला. बाहेर छान जेवून या, अशी प्रशिक्षकांची इच्छा आहे, असे सोबत लिहिलेले होते. मृत्युपत्रात त्यांनी तशी तजवीज करून ठेवली होती. नॉर्थ कॅरोलिनाचे कितीतरी विजय लोक विसरतील, पण तो धनादेश न वटवता चौकटीत लावणारे खेळाडू मला समजू शकतात.

तेव्हा बाईंचा आकडा हवाच असेल तर तो काढा. ३६ हंगाम, दिवसाला अमुक घोटे, असा साधा गुणाकार बाईंच्याच तोंडून करून घ्या. सभागृह हसेल आणि मग गप्प होईल.

टेबलांच्या खपाबद्दल एवढेच सांगतो की, प्रसिद्ध प्रशिक्षकांना वगळण्याचे कारण नाही. बाईंच्या हातून पट्टी बांधून घेतलेल्या खेळाडूंना तेच मैदानावर पाठवीत होते. त्यांना सत्कारमूर्ती न करता, बाईंबद्दल बोलायला बोलवा. ते आले तर टेबले खपतील, आणि नाही म्हणाले तर त्यातूनही काही कळेल.

---

हिशेबनीस

करसवलतीबद्दल मी लिहितो. माझा व्यवसायच तो आहे आणि धर्मादाय संस्थांच्या विवरणपत्रांवर मी वर्षाचा बराच काळ घालवतो. अमेरिकेच्या केंद्रीय करापुरतेच बोलतो. राज्यांचे नियम निराळे असू शकतात.

आपली संस्था करमुक्त धर्मादाय संस्थांच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली नोंदलेली आहे असे धरून चालतो. मेजवानीच्या तिकिटाची सगळी रक्कम देणगी ठरत नाही. पाहुण्याला त्या बदल्यात जे मिळाले, म्हणजे जेवण, पेये, करमणूक, त्याचे रास्त बाजारमूल्य वजा करून जे उरते तेवढीच देणगी. तिकीट ३०० डॉलरचे असेल आणि तसे जेवण व कार्यक्रम बाहेर ९० डॉलरला मिळत असेल, तर देणगी २१० डॉलरची. येथे बहुतेक समित्या एक चूक करतात: जेवण एखाद्या हितचिंतकाने फुकट पुरवले म्हणून ते शून्य किमतीचे धरतात. संस्थेला ते कितीला पडले याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही. पाहुण्याच्या ताटात काय आले आणि बाजारात त्याची किंमत काय, एवढेच पाहायचे असते.

पाहुण्याने दिलेली रक्कम ७५ डॉलरहून अधिक असेल आणि बदल्यात त्याला काही मिळाले असेल, तर हे मूल्य संस्थेने त्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. कळवले नाही तर प्रत्येक देणगीमागे १० डॉलर दंड होतो आणि एका कार्यक्रमासाठी त्याची कमाल मर्यादा ५,००० डॉलर आहे. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीची वजावट मागायची तर देणगीदाराकडे संस्थेची लेखी पोच असावीच लागते. नुसता वटलेला धनादेश दाखवून भागत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो की, तिकिटावर आणि पावतीवर ती ओळ छापूनच टाका: 'या तिकिटाच्या रकमेपैकी इतके डॉलर जेवणाचे मूल्य आहे.' दरवर्षी तोंडी उत्तर देण्याची कटकट तेथेच संपते.

लिलावातही तेच सूत्र. खेळाडूंच्या सह्या असलेला चेंडू कोणी ४०० डॉलरला घेतला आणि त्याची बाजारातली किंमत ४०० डॉलरच असेल, तर तो सौदा झाला, देणगी नव्हे. म्हणून लिलावातल्या प्रत्येक वस्तूचे अंदाजे मूल्य बोली सुरू होण्याआधीच कागदावर लिहून ठेवावे. सोडतीच्या तिकिटाचे पैसे तर देणगी म्हणून मुळीच धरता येत नाहीत, मग बक्षीस लागो वा न लागो.

सामन्याची तिकिटे विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून विद्यापीठाला दिलेल्या रकमेच्या ८० टक्के वजावट पूर्वी मिळत असे. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ती सवलत काढून टाकली आणि २०१८ पासून अशा रकमेवर काहीच वजावट मिळत नाही. जुने चाहते अजून त्या ८० टक्क्यांची आठवण काढतात. आपल्या मेजवानीशी त्याचा थेट संबंध नाही, पण कोणी तो आकडा तुमच्या तोंडावर फेकलाच तर गोंधळू नका.

मेजवानीसारख्या कार्यक्रमांतून वर्षभरात एकूण १५,००० डॉलरहून अधिक रक्कम जमा होत असेल आणि संस्था पूर्ण फॉर्म ९९० (करखात्याला द्यायचे वार्षिक विवरणपत्र) भरत असेल, तर त्याला 'शेड्यूल जी' हे परिशिष्ट जोडावे लागते आणि त्यात जमा व खर्च वेगवेगळे दाखवावे लागतात. मला स्वतःला ते परिशिष्ट फार आवडते. रात्री मंचावरून जाहीर झालेली रक्कम आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम यांतले अंतर तेथे उघड्यावर येते.

राहता राहिले सत्कारमूर्तींना काय द्यावे. रोख रक्कम दिली तर ते त्यांचे करपात्र उत्पन्न ठरते, आणि गौरवाच्या दुसऱ्या दिवशी कोणाला कराची चिंता लावणे बरे दिसत नाही. त्याऐवजी त्यांच्या नावाने निधीत वेगळे खाते उघडा. त्यातून विद्यापीठाच्या सध्याच्या खेळाडूंना काही मदत जाणार असेल, तर विद्यापीठाच्या नियमपालन विभागाला आधी विचारल्याशिवाय एक डॉलरही वळवू नका.

---

सुरंगी

हिशेबनीस, मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे. सत्कारमूर्ती आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याकडून आम्ही तिकीट घेणार नाही. पण एका प्रायोजक कंपनीने पूर्ण टेबल घेऊन त्यातल्या चार खुर्च्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोडायचे ठरवले आहे. मग त्या चार जेवणांचे मूल्य कंपनीच्या देणगीतून वजा करायचे की नाही?

---

हिशेबनीस

कंपनीने त्या खुर्च्या घेऊन नंतर कोणाला तरी दिल्या, की सुरुवातीलाच लेखी नाकारल्या, यावर ते ठरते. हातात आलेले तिकीट वापरले नाही किंवा दुसऱ्याला दिले तरी मूल्य वजा होतेच, कारण हक्क मिळालेला असतो. 'आम्हांला सहाच खुर्च्या नकोत... क्षमा करा, सहाच हव्यात, उरलेल्या चार संस्थेने आपल्या इच्छेप्रमाणे भराव्यात' असे कंपनीने पैसे देतानाच लिहून दिले, तर सहाच जेवणांचे मूल्य वजा करावे. घाईत लिहिलेले एक वाक्य कसे उलटे पडते ते आत्ताच आपण पाहिले, तेव्हा कंपनीकडून आलेले पत्र दोनदा वाचा.

---

उंबरठा

वरचे सगळे पटले, तरी एक कडू गोष्ट कोणीतरी बोलायला हवी. जीवनगौरव देताना त्या आयुष्याची चौकशी करावी लागते, आणि ती करताना संकोच बाळगू नये.

पेन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा धर्मादाय कामाशी असलेला संबंध लोक विसरतात. तेथील सहायक फुटबॉल प्रशिक्षक जेरी सॅन्डस्की यांनी १९७७ मध्ये गरजू मुलांसाठी संस्था काढली, तिचा गाजावाजा झाला, तिच्यासाठी निधी जमला, मानसन्मान झाले. जून २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मुलांच्या लैंगिक शोषणाच्या ४५ आरोपांत दोषी ठरवले, आणि त्यांतल्या मुलांशी त्यांची ओळख त्या संस्थेतूनच झालेली होती. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचा पुतळा मैदानाबाहेरून हलवला. पॅटर्नो यांना काय आणि किती ठाऊक होते यावर आजही वाद होतात. तो वाद मला येथे उकरायचा नाही. पुतळा उभारताना जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो पुतळा काढताना साऱ्या देशाने विचारला, एवढेच माझ्या मनात राहिले आहे.

तुमच्या बाईंबद्दल शंका घेण्याचे काही कारण दिसत नाही आणि निवृत्त प्रशिक्षकांबद्दलही नाही. पण विचारपूस नावावरून ठरू नये, ती रीतच असावी. माझ्या अनुभवात समित्या सत्कारमूर्तींच्या लाडक्या खेळाडूंनाच विचारतात, म्हणजे कर्णधार झालेल्यांना, पुढे नाव काढलेल्यांना. त्यांच्याबरोबरच राखीव फळीत चार वर्षे बसलेल्या एखादीला विचारा, आणि मधेच संघ सोडून गेलेल्या एखादीलाही. दुखापतीनंतर खेळ कायमचा सुटलेली मुलगी ट्रेनरबद्दल काय सांगते, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र दुसरे नसेल. आणि ती काही वेगळे सांगू लागली, तर ते पत्रिका छापण्याआधी ऐकलेले बरे.

आणखी एक. 'कायमस्वरूपी' हा शब्द कोठेही लिहू नका. निधी, चषक, खोली, ज्याला नाव द्याल त्याला मुदत घाला. दहा वर्षे म्हणा. मुदत संपल्यावर नूतनीकरण करता येते, पण कायमचे दिलेले नाव काढताना जी शोभा होते ती कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

---

दुसरी रांग

मला नियमांतले फारसे कळत नाही, पण अशा रात्रींचे सूत्रसंचालन मी बारा-तेरा वेळा केले आहे आणि त्यातली एक रात्र अजून माझ्या अंगावर काटा आणते.

एका संस्थेच्या मेजवानीत कुस्तीच्या एका वृद्ध प्रशिक्षकांचा गौरव होता. त्यांचा जुना शिष्य बोलता बोलता गहिवरला, सभागृह उभे राहिले, आणि टाळ्या अजून थांबल्याही नव्हत्या तोच लिलावकर्ता उडी मारून मंचावर आला आणि भावना अशा उचंबळून आल्या आहेत तर आता खिसेही मोकळे होऊ द्या, असे काहीसे ओरडला. त्याला तसे कोणीच सांगितले नव्हते. कार्यक्रमपत्रिकेत त्या दोन गोष्टींमध्ये मी जागाच सोडली नव्हती. प्रशिक्षक हातात मानपत्र धरून तसेच उभे राहिले, कारण त्यांना खाली कोणी आणायचे हेही मी ठरवलेले नव्हते. त्या रात्री पैसे भरपूर जमले. त्यांच्या पत्नी मात्र निघताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी क्रम बदलला. निधीचे आवाहन आणि लिलाव आधी उरकून घ्यायचा, पैशांचा विषय बंद झाला असे मंचावरून स्पष्ट सांगायचे, आणि मग गौरव. लोक थकलेले असतात, काही जण उठून जातात, हे खरे आहे. पण जे थांबतात ते ऐकण्यासाठीच थांबतात. गौरव आधी झाला तर दान वाढते, असे निधी उभारणारे व्यावसायिक म्हणतात आणि आकड्यांपुरते ते बरोबरही असेल. सत्कार हे तिकिटे खपवण्याचे निमित्त वाटू नये, हा तुमचा प्रश्न होता. माझ्या मते त्याचे उत्तर या क्रमात आहे.

भाषणांची लांबी हा दुसरा घोळ. येथे मात्र सरसकट घड्याळ लावणाऱ्यांपैकी मी नाही. बोलणाऱ्या पाहुण्यांना तीन-तीन मिनिटे आणि त्याहून एक क्षण जास्त नाही, पण सत्कारमूर्तींना वेळेचे बंधन नको. १९९३ च्या मार्चमध्ये जिम व्हाल्व्हानो यांनी केलेले भाषण आठवा. नॉर्थ कॅरोलिना स्टेटला १९८३ मध्ये बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळवून देणारे हे प्रशिक्षक कर्करोगाने इतके खंगले होते की मंचावर चढायलाही त्यांना आधार लागला. ते बोलत असताना समोरच्या पडद्यावर ३० सेकंद उरल्याची सूचना झळकली, तेव्हा त्यांनी भर सभागृहात तिची थट्टा केली आणि बोलत राहिले. संशोधनासाठीच्या निधीची घोषणा त्यांनी त्याच भाषणात केली, आणि दोन महिने पुरे होण्याआधी ते गेले. त्या रात्री कोणी ध्वनिक्षेपक बंद केला असता तर?

बाईंसाठी तीन वक्ते पुरेत, आणि ते तीन वेगवेगळ्या दशकांतले असावेत, म्हणजे एकच किस्सा तिघांकडून येणार नाही. 'समर्पित', 'निःस्वार्थ', 'प्रेरणादायी' हे शब्द कोणी वापरायचे नाहीत असे त्यांना आधीच बजावा. ते वगळले की माणसाला प्रसंग सांगावाच लागतो. गाठीची गोष्ट त्या मुलीने स्वतः सांगायची असेल तरच सांगितली जावी, आणि तिची इच्छा असेल तेवढीच. रुग्णाची कहाणी त्याच्या परवानगीवाचून मंचावर आणणे, कारण कितीही चांगले असो, मला चुकीचे वाटते. बाईंना अचानक धक्का देण्याच्या फंदातही पडू नका. आयुष्यभर बाजूच्या रेषेवर उभे राहून काम केलेल्या माणसाला प्रकाशझोतात यायला थोडी तयारी लागते.

---

जुनी शिट्टी

'दुसरी रांग' यांच्या क्रमाला माझा पूर्ण पाठिंबा. एक पुरवणी जोडतो. ३६ वर्षे म्हणजे बाईंनी १९९० च्या सुमारास कामाला सुरुवात केली असणार. महाविद्यालयांत मुलींना खेळाची समान संधी द्यायला भाग पाडणारा 'टायटल नाइन' कायदा १९७२ चा, आणि एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली ती १९८१-८२ च्या हंगामात. म्हणजे बाई आल्या तेव्हा महिलांच्या संघांना ती मान्यता मिळून जेमतेम दहा वर्षे झाली होती. सुरुवातीला त्यांना कोणत्या संघांचे काम मिळाले, मुलींच्या संघांना उपचारांची खोली कोणत्या वेळेला मिळे, पट्ट्यांची खोकी पुरत का, हे त्यांना विचारा. त्यांच्या उत्तरांत तुमच्या विद्यापीठाचा असा इतिहास हाती लागेल जो विद्यापीठाच्या वार्षिक अहवालांत सापडणार नाही.

---

सुरंगी

सर्वांचे आभार. काय ठरले ते कळवते, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

निवृत्त प्रशिक्षकांना मी स्वतः फोन केला. सत्कार त्यांचा नाही, त्यांनी बाईंबद्दल बोलायचे आहे, हे सांगताना माझा आवाज जरा कापत होता. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले की, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांनंतर त्यांना चालायला लावले ते बाईंनीच, आणि तीन मिनिटे त्यांना पुरणार नाहीत. 'दुसरी रांग' यांचे स्मरण ठेवून मी तीनच दिली आहेत. कार्यकारिणीतला विरोध त्या फोननंतर मावळला.

'उंबरठा' यांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही अकरा माजी खेळाडूंशी बोलणे केले. त्यांत एक अशी निघाली की जिला दुसऱ्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ सोडावा लागला होता. पुन्हा खेळायला उतरण्याची परवानगी बाईंनी नाकारली म्हणून तेव्हा ती त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हती. तिने स्वतःहून बोलायची तयारी दाखवली, आणि तिसरी वक्ता तीच आहे. गाठीची गोष्ट जिची, ती मुलगी येणार आहे, पण मंचावर येणार नाही. तिचे म्हणणे तिने लिहून दिले आहे आणि त्यातले काय वाचायचे हेही तिनेच खुणा करून दाखवले आहे.

बाई तयार झाल्या आहेत, मात्र दोन अटींवर. मानपत्र नको, आणि सध्या उपचारांच्या खोलीत काम शिकणारे जे सहा विद्यार्थी आहेत, ते त्यांच्याच टेबलावर बसले पाहिजेत. त्यांच्या नावाच्या खात्याला आम्ही दहा वर्षांची मुदत घातली आहे, आणि त्यातून रुग्णांच्या नातेवाइकांच्या पेट्रोलचा खर्च दिला जाईल. ते बाईंनीच सुचवले. फेऱ्या मारताना सर्वांत आधी काय संपते ते त्यांना ठाऊक आहे.

तिकिटावरच्या ओळीचा मजकूर असा केला आहे: 'या तिकिटाच्या २५० डॉलरपैकी ८५ डॉलर हे जेवण व कार्यक्रमाचे मूल्य असून उर्वरित रक्कम देणगी आहे.' हिशेबनीस, छपाईला गुरुवारी द्यायचे आहे, तेव्हा त्याआधी एकदा नजर घालाल का?

---

हिशेबनीस

मजकूर ठीक आहे. फक्त 'मूल्य' याच्या आधी 'अंदाजे रास्त बाजार' एवढे शब्द घाला आणि संस्थेचे नोंदलेले पूर्ण नाव त्याच ओळीखाली येऊ द्या. ८५ डॉलर कोणत्या आधारावर धरले, ते एका कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा.